ब्रायटनमध्ये बाहेर बसायला बरा पब कुठला? (आईबाबा सोबत आहेत)

साताऱ्याची_लेक
नमस्कार मंडळी, आम्ही रेडिंगला असतो, जूनमध्ये आईबाबा येतायत साताऱ्याहून आणि एक दिवस ब्रायटनला न्यायचं ठरतंय. बाबा फौजेतून रिटायर झालेत, संध्याकाळी एक बिअर घेतात, आणि त्यांचं एकच म्हणणं की इंग्लंडला आलोय तर पबात बसायचं, पण आत अंधारात नाय, बाहेर, समुद्र दिसला पाहिजे. आई पक्की शाकाहारी, दारू असते तिथं बसायचंच तिला पटत नाही पण मोकळ्यावर असेल तर येईन म्हणते. वर आमची पाच वर्षांची कार्टी. मागे आम्ही दोघंच गेलो होतो तेव्हा समुद्रासमोर एका ठिकाणी बसलो, वाऱ्यानं मेन्यू उडाला, नॅपकिन उडाले, आणि मी पर्स उघडायला जरा वळले तर सीगलनं अर्ध्या चिप्स लंपास केल्या, तेही माझ्या खांद्यावरून येऊन. तर असं कुठलं ठिकाण आहे का जिथं समुद्रपण दिसेल आणि सुखानं दोन घासपण खाता येतील? लहान मुलं चालतात का?

होव्हकर
नऊ वर्षं इथं काढलीत म्हणून सरळ सांगतो, ही दोन्ही सुखं एका टेबलावर मिळत नाहीत. किनारा दक्षिणेला तोंड करून, वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येचा, मध्ये आडोसा काही नाही. म्हणून दोन हप्त्यांत करा. पहिला हप्ता फॉर्च्युन ऑफ वॉर. रस्त्याखालच्या कमानींत, अगदी बीचला लागून आहे, आतून उलटी घातलेली होडी वाटते. बाहेर बाकडी आहेत, ती भरली की लोक ग्लास घेऊन सरळ बीचवर बसतात, आणि बीच म्हणजे वाळू नाही हं, नुसते गोटे, तेव्हा चपला नकोत, बूट घाला. बाहेर प्लास्टिकच्या ग्लासात देतात, चालवून घ्यायचं. डावीकडं पॅलेस पिअर (समुद्रात लांब गेलेला धक्का), उजवीकडं 2003 साली जळालेल्या वेस्ट पिअरचा सांगाडा, बाबांचे फोटो झाले. तिथं फक्त हाफ पाइंट घ्या, 284 मिली, खायला काही मागवू नका म्हणजे सीगलचा प्रश्नच मिटला.
मग जेवायला गावात. सिलवूड स्ट्रीटवर लायन अँड लॉबस्टर, वर गच्ची आहे, आजूबाजूच्या घरांमुळं वारा लागत नाही. समुद्र दिसत नाही पण चालत पाच मिनिटांवर. जिने आहेत मात्र.

परदेशी_पावशेर
होव्हकर बरोबर बोलले. बाबांना आधीच सांगून ठेव की पबात वेटर येईलच असं नाही. माझे सासरे, कोल्हापूरचे, वीस मिनिटं ताठ बसून होते कुणीतरी विचारायला येईल म्हणून. बारवर जायचं, टेबल नंबर सांगायचा, पैसे तिथंच द्यायचे. आणि कुणी हौसेनं हार्वीज बेस्ट पाजायला निघेल, जवळच्या लुइस गावची बिअर, 4 टक्के, मला स्वतःला लई आवडते, पण ती हातपंपानं ओढून देतात आणि तळघराइतकीच गार असते, 12 डिग्री वगैरे. सासऱ्यांनी एक घोट घेतला, ग्लास माझ्याकडं सरकवला आणि म्हणाले "जावईबापू, यांचा फ्रीज बंद पडलाय." बाबांना गुमान लागर द्या, म्हणजे आपल्याकडं मिळते तशी गार बिअर.
आईंसाठी: चिप्स बघायला शाकाहारी, पण बऱ्याच किचनमध्ये मासे तळतात त्याच तेलात काढतात. "सेपरेट फ्रायर आहे का" एवढं विचारायचं, कुणी रागवत नाही. रविवारी गेलात तर बहुतेक पबात रोस्ट, म्हणजे भाजलेल्या मांसाचं जेवण असतं, त्यात नट रोस्ट मिळालं तर घ्या, दाण्यांची वडी समजा, पण वरची ग्रेव्ही मांसाची नाही ना ते विचारून.
मुलं मोठ्यांबरोबर चालतात, फक्त प्रत्येक पबचा आपापला नियम, संध्याकाळी सात-आठनंतर बरेच जण नको म्हणतात. फोन करून जा.

फुंकर
बाहेर बसलं म्हणजे मोकळी हवा मिळते हा गैरसमज काढून टाका. 2007 पासून आत सिगारेट बंद झाली, तेव्हापासून सगळे ओढणारे बाहेरच असतात 😀 आधी ॲशट्रे कुठं आहेत बघा, मग टेबल धरा. स्टेशनजवळ चढावर बॅटल ऑफ ट्रफाल्गार आहे, मागं बाग आहे, परतीच्या ट्रेनआधी टेकायला बरी.

घाटमाथा
बाबा फौजी आहेत हे वाचून लिहितोय, पबचं सोडून. 1914 ते 1916 ब्रायटनच्या रॉयल पॅव्हेलियन या जुन्या राजवाड्यात पहिल्या महायुद्धातल्या जखमी हिंदी सैनिकांचं हॉस्पिटल होतं. हिंदू आणि मुसलमानांसाठी पाण्याचे नळसुद्धा वेगळे ठेवले होते, स्वयंपाकघरं तर होतीच वेगळी. जे हिंदू आणि शीख वाचले नाहीत त्यांच्यातल्या 53 जणांवर ब्रायटनजवळच्या पॅचमच्या वरच्या टेकडीवर अंत्यसंस्कार झाले, तिथं आता पांढरी संगमरवरी छत्री आहे, 1921 ची. मानवंदनेचा कार्यक्रम दरवर्षी जूनमध्येच असतो, तारीख बघून घे. गाडी वरपर्यंत जात नाही, चढ चालावा लागतो.
आणि उंचावरूनच समुद्र बघायचा असेल तर 77 नंबरची बस धरून डेव्हिल्स डाइकच्या टेकडीवर जा. तिथल्या पबबाहेर भरपूर बाकडी आहेत, एका बाजूला सगळं हिरवंगार खोरं आणि दुसरीकडं लांबवर समुद्र. वारा आहेच, जॅकेट न्या.

साताऱ्याची_लेक
किती लिहिलंत सगळ्यांनी, थँक्यू! काल व्हिडिओ कॉलवर बाबांना छत्रीचं वाचून दाखवलं, थोडा वेळ बोललेच नाहीत, मग म्हणाले आधी तिथं जायचं, बिअर नंतर बघू. आईचे गुडघे दुखतात, तिला चढ जमणार नाही, मग ती आणि लेक पॅव्हेलियनच्या बागेत बसतील.

होव्हकर
त्या बागेत चहाचं कॅफे आहे, टेबलं बाहेरच. तिथंपण सीगल असतात बरं का, केक झाकून ठेवायला सांग.

साताऱ्याची_लेक
आई छत्री घेऊन बसणार आहे. पावसाची नाही, सीगलला मारायला.