पकड घोटून घेतली की चेंडू आपोआप नीट सुटतो, हे मला मान्य नाही

शिवणरेषा

परवाच्या लेखात एका प्रशिक्षकांनी असे लिहिले आहे की, नवोदित गोलंदाजाने सुरुवातीचे सगळे महिने केवळ पकड घोटावी. बोटे शिवणीवर बरोबर बसली की चेंडू हातातून नीट सुटणे ही आपोआप घडणारी गोष्ट आहे, आणि मनगटाविषयी बोलणारे लोक मुलांचा विनाकारण गोंधळ उडवतात. हे वाचून गप्प राहणे मला शक्य झाले नाही, कारण याच समजुतीपायी हाती गुण असलेली मुले गोलंदाजी सोडून देताना मी पाहिली आहेत.

लेगब्रेक आणि गुगली यांची पकड जवळजवळ एकच असते. तर्जनी आणि मधले बोट शिवणीवर आडवे, आणि अनामिका वाकून शिवणीला टेकलेली. तरीही एक चेंडू उजव्या फलंदाजापासून बाहेर वळतो आणि दुसरा आत येतो, कारण गुगली सोडताना मनगट इतके फिरते की हाताची पाठ फलंदाजाकडे होते. बर्नार्ड बोझांक्वे यांनी १९०० च्या सुमारास हा चेंडू सामन्यांत आणला, तेव्हा त्यांनी शोधली होती ती चेंडू सोडण्याची नवी रीत, नवी पकड नव्हे.

वेगवान गोलंदाजीतही तेच दिसते. आउटस्विंगसाठी, म्हणजे हवेत फलंदाजापासून बाहेर वळणाऱ्या चेंडूसाठी, शिवण पहिल्या स्लिपच्या दिशेने साधारण २० अंशांनी कललेली हवी, हे सर्वांना पाठ असते. पण ती हवेत तशीच टिकते ती चेंडूला मिळालेल्या उलट्या फिरकीमुळे, आणि ही फिरकी मनगट चेंडूच्या थेट मागे राहिले व तीच दोन बोटे सर्वांत शेवटी चेंडूच्या पाठीवरून खाली ओढली गेली, तरच मिळते. मनगट जरासे बाजूला कलंडले, तर चित्रातल्यासारखी पकड असूनही शिवण हवेत डगमगते.

म्हणून मी सराव उलट्या क्रमाने देतो. धाव नाही, उडी नाही. जोडीदार अर्ध्या अंतरावर समोर उभा, आणि अर्धा लाल, अर्धा पांढरा असा दुरंगी चेंडू. दोन रंगांमधली रेषा हवेत स्पष्ट दिसली तर चेंडू नीट सुटला, रंग एकमेकांत मिसळले तर मनगट ढळले. हे जमले की एक पाऊल, मग चार पावले, आणि सर्वांत शेवटी पूर्ण धाव. मधल्या कोणत्याही पायरीवर रेषा बिघडली, तर एक पायरी मागे यायचे. मोबाइलवर संथ गतीचे चित्रण करायचे असेल, तर कॅमेरा गोलंदाजाच्या बाजूला लावू नका. तो यष्टिरक्षकाच्या मागे लावा, कारण शिवण तिथूनच दिसते.

नेटमधला प्रशिक्षक

तो लेख माझा आहे आणि त्यातल्या प्रत्येक वाक्यावर मी ठाम आहे. गुगलीचे उदाहरण आपण घेतलेत, ते ज्यांची पकड आधीच पक्की झाली आहे अशा गोलंदाजांचे आहे. माझ्याकडे येणारी मुले चेंडू तळव्यात रुतवून धरतात. चेंडू आणि तळवा यांच्यामध्ये उजेड दिसला पाहिजे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते, आणि तळव्यात रुतलेला चेंडू कितीही चांगल्या मनगटातून सरळ सुटत नाही.

एका मुलाला माझ्याआधी दोघा प्रशिक्षकांनी मनगटाचे धडे दिले होते. त्याची शिवण दर चेंडूला लेग साइडकडे पडत असे. मी फक्त अंगठा पाहिला. तो चेंडूच्या बाजूला होता आणि चेंडू सुटताना त्याला ढकलत होता. अंगठ्याची कड शिवणीखाली आणली, आणि मनगटाविषयी एक शब्दही न बोलता त्याच सत्रात शिवण उभी राहू लागली.

आपल्याला नामवंत उदाहरणच हवे असेल, तर इंग्लंडचे वेगवान गोलंदाज जेम्स अँडरसन यांची वॉबल सीम, म्हणजे शिवण मुद्दाम हवेत डगमगत ठेवणारा चेंडू, घ्या. २०१० मध्ये मोहम्मद आसिफ यांची गोलंदाजी पाहून ते या चेंडूकडे वळले. त्यात बोटे थोडी फाकलेली असतात आणि पकड सैल असते. हाताची क्रिया मात्र नेहमीचीच राहते, म्हणूनच फलंदाजाला सुगावा लागत नाही. ७०४ कसोटी बळी घेतलेल्या गोलंदाजाने पकड बदलून नवे अस्त्र मिळवले. याला आपण काय म्हणणार?

मनगटी

मी लेगस्पिन टाकते आणि दोघांच्याही म्हणण्यात मला एकच उणीव दिसते. आपण हाताविषयी बोलत आहात, पण तो कोणाचा हात आहे, हे कोणीच विचारत नाही. शेन वॉर्न यांची दोन बोटे वर आणि दोन खाली ही पकड मला वर्षानुवर्षे आदर्श म्हणून दाखवली गेली. माझ्या बोटांच्या लांबीला ती मानवत नव्हती. अनामिका शिवणीपर्यंत पोहोचवण्यासाठी मला चेंडू इतका घट्ट दाबावा लागे की मनगट ताठ होई आणि चेंडू फिरण्याऐवजी नुसता सरळ घसरत जाई.

याचे मुख्य कारण असे होते की, मुलांच्या गटात सराव करताना मला पुरुषांचा चेंडू दिला जाई, आणि सामने मात्र महिलांच्या चेंडूने होत. म्हणजे मी जे घोटत होते, ते सामन्यात उपयोगी पडणारच नव्हते. हा विषय कोणत्याच प्रशिक्षकाच्या यादीत का नसतो?

एक पालक

मनगटी यांनी माझ्या मनातले लिहिले. माझा मुलगा दहा वर्षांचा आहे आणि त्याला पहिल्या दिवसापासून मोठ्यांचा चेंडू देण्यात आला. तो चेंडू दोन बोटांत मावत नाही, म्हणून तो चार बोटांनी धरतो, आणि मग त्याची पकड चुकीची आहे असे त्याला रोज ऐकवले जाते. चेंडूच हातात मावत नसताना पकड सुधारायची कशी, हे प्रशिक्षकांनी मला सांगावे.

नेटमधला प्रशिक्षक

पालकांनी भावनेच्या भरात लिहू नये, अशी विनंती आहे. स्पर्धा ज्या चेंडूने खेळली जाते, त्याच चेंडूने सराव व्हायला हवा. लहान चेंडूची सवय लागली की पुढच्या वयोगटात मुलगा गोंधळतो, त्याचा टप्पा आखूड पडू लागतो, आणि मग हेच पालक तक्रार घेऊन येतात. बोटे वाढतात, सवयी मात्र सहजासहजी सुटत नाहीत.

निवृत्त पंच

नियमावलीत काय आहे ते नोंदवतो, म्हणजे वाद आकड्यांवर तरी होईल. क्रिकेटच्या नियमांच्या २०१७ च्या संहितेनुसार पुरुषांच्या सामन्यातल्या नव्या चेंडूचे वजन १५५.९ ते १६३ ग्रॅम आणि परीघ २२.४ ते २२.९ सेंटिमीटर असतो. महिलांसाठी हेच आकडे १४० ते १५१ ग्रॅम आणि २१ ते २२.५ सेंटिमीटर, तर १३ वर्षांखालील मुलांसाठी १३३ ते १४४ ग्रॅम आणि २०.५ ते २२ सेंटिमीटर आहेत. दहा वर्षांच्या मुलाच्या हाती मोठ्यांचा चेंडू देणे ही प्रशिक्षकाची निवड असते. नियम तसे करायला सांगत नाहीत.

माझे स्वतःचे निरीक्षणही सांगतो. ज्या मुलांच्या कोपराविषयी मला शंका आली, म्हणजे वाकलेले कोपर सरळ करत ती चेंडू फेकतात असे वाटले, त्यांपैकी पुष्कळजण हाताला न पेलणारा चेंडू वेगाने टाकण्याच्या खटपटीत होते. खांद्याची ताकद अपुरी पडली की कोपर मदतीला धावते. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये कोपर सरळ होण्याची मर्यादा १५ अंशांची आहे. हा फरक नुसत्या डोळ्यांनी मोजता येत नाही, आणि तोवर मुलाची क्रिया मात्र घडून गेलेली असते.

मनगटी

पंचांचे आभार. आता प्रशिक्षकांना मी स्पष्टच विचारते. सवयी सहजासहजी सुटत नाहीत, असे आपणच म्हणता. मग चार बोटांच्या पकडीची सवय दहाव्या वर्षी लावून ती चौदाव्या वर्षी मोडायची, ही कोणती पद्धत झाली? 'भावनेच्या भरात' हे शब्द आपण एका पालकासाठी वापरलेत, ते मला अत्यंत आक्षेपार्ह वाटतात. त्यांनी एक सरळ प्रश्न विचारला होता आणि आपण त्याचे उत्तर दिलेले नाही.

क्रीडाविज्ञानाचा विद्यार्थी

चेंडूच्या मापाविषयी मनगटी यांच्याशी मी सहमत आहे, पण मूळ प्रश्न सरावाचा होता, तिकडे वळतो. गॅब्रिएल वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ पासून केलेल्या प्रयोगांतून असे दिसत आले आहे की, शिकणाऱ्याचे लक्ष स्वतःच्या अवयवाकडे वेधण्यापेक्षा हालचालीच्या परिणामाकडे वेधले, तर कौशल्य बहुधा चांगले आत्मसात होते. म्हणजे 'मनगट मागे ठेव' यापेक्षा 'रंगांची रेषा सरळ ठेव' ही सूचना अधिक उपयोगाची. शिवणरेषा यांचा दुरंगी चेंडू या कसोटीवर उतरतो.

पायऱ्यांच्या सरावाबाबत मात्र माझी हरकत आहे. शे आणि मॉर्गन यांनी १९७९ मध्ये दाखवले की एकच कृती सलग घोटली तर ती त्या सत्रात छान जमते, पण निरनिराळ्या कृती मिसळून केलेला सराव नंतर अधिक टिकतो. एकाच जागी उभे राहून तोच चेंडू पुन्हा पुन्हा टाकणारा मुलगा सरावात सुंदर दिसेल. सामन्यात त्याला दर चेंडूला टप्पा आणि दिशा बदलावी लागते.

शिवणरेषा

प्रयोगशाळेतली कृती आणि पूर्ण धावेतून टाकलेला चेंडू यांची इतक्या सहज तुलना करू नका. ज्याला शिवण एकदाही सरळ सोडता आलेली नाही, त्याच्याकडे मिसळायला काय असते? क्रिया एकदा हाताला कळली की सराव मिसळावा, यावर माझा आक्षेप नाही, आणि माझी चार पावलांची पायरी त्यासाठीच आहे; तिथे मी इनस्विंग, आउटस्विंग आणि क्रॉससीम (शिवण आडवी धरून टाकलेला चेंडू) आलटून पालटून टाकायला सांगतो.

बाकी अंगठ्याविषयी प्रशिक्षक बरोबर बोलत आहेत. अंगठा बाजूला असेल तर माझा संपूर्ण क्रम निष्फळ ठरतो, हे मला नाकारता येत नाही. पण तो दोष तुम्ही पाहिलात कशावरून? हवेत पडणाऱ्या शिवणीवरूनच. नुसती पकड तपासत बसला असता, तर आधीच्या दोघांप्रमाणे आपल्यालाही ती ठीकच वाटली असती.

नेटमधला प्रशिक्षक

शिवण पाहून पकड दुरुस्त करतात, यात आपण नवीन काही सांगितले नाही. पहिली दुरुस्ती पकडीचीच असते, यावरून मी हलणार नाही.

पालकांना उद्देशून वापरलेले शब्द मागे घेतो. चेंडूच्या बाबतीत इतकेच सांगतो की, १३ वर्षांखालील गटाला सरावात लहान चेंडू देऊन पाहण्याची माझी तयारी आहे, मात्र सामना मोठ्या चेंडूने असेल तर त्याआधीची काही सत्रे मोठ्या चेंडूनेच होतील. त्यातून टप्पा बिघडला, तर ते मी इथेच येऊन लिहीन.

एक पालक

जरूर लिहा. तोवर मी मुलाचा अंगठा पाहतो आणि घरच्या सरावासाठी १३३ ते १४४ ग्रॅमचाच चेंडू घेतो. अर्ध्या अंतरावर समोर उभे राहून रेषा पाहणे मला जमेल. मनगटाविषयी त्याला मी काहीही सांगणार नाही.