मदत हवी आहे: घरापासून शेडपर्यंत जमिनीतून कोणती वायर टाकू? (परवा जेसीबी येते)

पऱ्हाटीवाला:
नमस्कार मंडळी. घरामागं ट्रॅक्टरसाठी शेड बांधला. तिथं लाइट न्यायची आहे, जमिनीतूनच. आता वरून वायर नेली आहे, पण कापसाची गाडी आत घेताना वरच्या बोऱ्यात अडकते, मागच्या सीझनले तुटलीच. दुकानदार म्हणते अडीचची (अडीच चौरस मिमी जाडीची) तांब्याची घ्या. वायरमन म्हणते सात-वीस (वीस गेजच्या सात तारांची) अॅल्युमिनियम. साळा म्हणते पाइपात घातली की कोणतीबी चालते. मले फक्त एवढं सांगा, कोणती घेऊ? मृग लागायच्या आत काम उरकायचं आहे.

ओलीत:
अंतर किती? शेडात काय काय चालणार? सिंगल फेज का थ्री?

पऱ्हाटीवाला:
अंतर काही फार नाही. दोन बल्ब अन् एक पंखा.

तांबंच_बरं:
तांबंच घ्या. आमच्या घरी वीस वर्षांपासून तांबं आहे, एक तक्रार नाही. अॅल्युमिनियम म्हणजे स्वस्तात मस्त अन् मग बसा बोंबलत.

जुना_टेस्टर:
तांबं शेतावाटे पुरायचं म्हणजे चोराले आवतण. आमच्या शिवारात मोटरपंपाची केबल रातोरात कापून नेली, अॅल्युमिनियमची मात्र तिथंच पडून होती. सात-वीस टाका. ३५ वर्षं हेच काम केलं.

ओलीत:
काका, सात-वीस म्हणजे साधारण साडेचार चौरस मिमी. सर्व्हिस वायर म्हणून हवेतून न्यायला ठीक आहे, पुरायला नाही. आणि दोन बल्बांसाठी जेसीबी कोणी बोलावत नाही. पऱ्हाटीवाले, खरं सांगा, अजून काय आहे तिथं?

पऱ्हाटीवाला:
बरं, कडबा कुट्टी (चारा कापायचं यंत्र) आहे. दोन एचपी, सिंगल फेज. जनावरंही तिकडंच बांधणार. वेल्डिंगवाला कधीमधी येतो. अंतर आज दोरीनं मोजलं, २०० फूट भरलं.

बैलजोडी:
हे पहिले सांगायचं होतं न राजेहो! कुट्टी म्हणजे तुमच्या साऱ्या प्रश्नाचं मूळ.

सूर्यफूल:
सोलर का नाही लावत? ना वायर, ना खोदकाम. मी दोन पॅनल लावले, रातभर बल्ब चालतो.

बैलजोडी:
त्याची कुट्टी चालते का त्या दोन पॅनलवर? तो वायर विचारून रायला, भाऊ.

शिवारातला:
शेतातल्या मोटरपंपाच्या मीटरवरून घ्या की. तेही जवळच असेल. बिल वाचते.

ओलीत:
अजिबात नको. शेतीपंपाची जोडणी ज्या कामासाठी दिली त्याच कामाला. दुसरीकडे वापरली तर विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली आकारणी होते. अन् त्या लाइनचं वेळापत्रक तुम्हाला माहीतच आहे, रात्री दोनला कुट्टी कोण चालवणार?

आता हिशोब बघा. अडीचच्या तांब्याचा रोध किलोमीटरला ७.४१ ओहम. १० चौरस मिमी अॅल्युमिनियमचा ३.०८, सहाच्या तांब्याचाही तेवढाच. २०० फूट म्हणजे ६१ मीटर, पण करंट जाते अन् परत येते, म्हणून १२२ मीटर धरा. दोन एचपीची मोटर चालताना १०-१२ अँपिअर घेते, सुरू होताना त्याच्या चार-पाच पट. ५० अँपिअर धरले तर अडीचच्या तांब्यात ४५ व्होल्ट वाटेतच जातील, १० च्या अॅल्युमिनियममध्ये १९. संध्याकाळी घरी किती व्होल्ट येतात?

पऱ्हाटीवाला:
१९० च्या आसपास. कधी त्याहून कमी.

ओलीत:
मग अडीच टाकली तर मोटरीले सुरू होताना १४५ मिळतील. नुसती घूं घूं करत राहील, फिरणार नाही, अन् तुम्ही वायरमनवर चिडाल. १० ची अॅल्युमिनियम आर्मर केबल (वर पोलादाचं कवच असते ती) घ्या, दोन कोर, म्हणजे आत दोन तारा. पुढं थ्री फेज घ्यायचा विचार असेल तर आताच चार कोर. वेल्डिंगवाल्याने मात्र आपला जनरेटर आणावा.

तांबंच_बरं:
सहाचं तांबंही तेवढंच आहे, तुम्हीच म्हणालात.

ओलीत:
हो. पैशे असतील अन् चोराची भीती नसेल तर घ्या.

गोठ्यातली_म्हैस:
वायरपेक्षा एक गोष्ट महत्त्वाची, म्हणून लिहिते. आमच्याकडे साधी वायर एक इंची काळ्या पाइपात घालून पुरली होती. पुरली कसली, वीतभर खोल. वायर कमी पडली म्हणून मधी एक जोड, वर काळा टेप. पाइपात पावसाचं पाणी साचलं ते बाहेर निघेना. श्रावणात एक दिवस म्हैस पाणी प्यायला जाईना, हौदाजवळ गेली की पाय उचलायची अन् मागं सरायची. आम्ही म्हटलं आजारी आहे, डॉक्टर बोलावला. डॉक्टरांनी हौदाच्या कडेले हात लावला अन् झटका बसला. तेव्हा कळलं. माणसाच्या पायात चप्पल असते, जनावर चारी पाय ओल्या जमिनीवर टाकून उभं असतं. शेडाच्या बोर्डात ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळू लागला की लाइन आपोआप तोडणारा स्विच) बसवा अन् शेडाची वेगळी अर्थिंग करा. हे आधी, वायर मग.

जुना_टेस्टर:
ताईंचं खरं आहे. जोड जमिनीत करायचाच नाही. आमच्या काळ्या मातीचं काय, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसात पुन्हा फुगते. ओढूनताणून टाकलेली केबल नेमकी जोडाशी उचकते. अडीच फूट खोल चर, तळाशी चार बोटं रेती, त्यावर केबल नागमोडी, वर पुन्हा रेती, मग विटा आडव्या. दोन्ही टोकांना एकेक वेटोळं ठेवा. ७० मीटरचा एकच तुकडा घ्या, २०० फुटांचा घेऊ नका. घूस आर्मरचं पोलाद कुरतडत नाही, साध्या वायरची मात्र एका रात्रीत चाळण करते. सात-वीसचा हट्ट सोडला मी.

बैलजोडी:
काका हरले! स्क्रीनशॉट घेऊन ठेवा कोणी.

जुना_टेस्टर:
हरलो नाही, कुट्टी ऐकली म्हणून बदललो. दोन बल्बांना अजूनही सात-वीसच सांगीन, खांबावरून. अन् अॅल्युमिनियमच्या टोकाले थिंबल (तारेच्या टोकावर बसवायची धातूची टोपी) नीट दाबून घ्या. तांब्याच्या पट्टीवर नुसतं गुंडाळलं की तिथं तापते अन् काळं पडते. आर्मर घराच्या बाजूने ग्लँडमध्ये (केबल पेटीत घट्ट धरणारा धातूचा तुकडा) धरून अर्थिंगला जोडायचं, कापून मोकळं सोडायचं नाही.

सूर्यफूल:
सोलर घेतलं असतं तर एवढं काही नव्हतं.

पऱ्हाटीवाला:
सर्वांचे आभार. दहाची आर्मर, चार कोर, ७० मीटर सांगितली, उद्या दुपारी येते. दुकानदाराले वायर बदलली म्हटलं तर त्याने तोंड वाकडं केलं, अडीचचं बंडल त्यानं काढून ठेवलं होतं म्हणे. आरसीसीबी त्याच्याकडे नाही, ती तालुक्यातून आणतो. आता एकच: रेती मिळून नाही रायली. नाल्यातली चालते का?

जुना_टेस्टर:
चालते. गाळून घ्या. टोकदार गोटा केबलखाली राहिला की गेली.

पऱ्हाटीवाला:
बरं. अन् चर खोदताना नळाची लाइन आडवी येते, ती कुठून जाते हे बाबालेच माहीत होतं. ते आता नाहीत. जेसीबीवाल्याले काय सांगू?

ओलीत:
तेवढं पाच-सहा फूट कुदळीनं खोदा. अन् केबल नळाच्या खालून न्या, वरून नाही.

बैलजोडी:
जेसीबी तुमच्याकडे तासाला किती घेते? आमच्याकडचा फार मागून रायला.