सामना विकला गेला तर फसवणूक नेमकी कोणाची होते?

तिसरा पंच:
‘सामना विकणाऱ्या खेळाडूला तुरुंगात धाडा, ही भाषा म्हणजे निव्वळ उमाळा आहे, क्रिकेट मंडळाने बंदी घातली की विषय संपला,’ अशा अर्थाचे टिपण परवा येथे आले आणि त्यावर टाळ्याही पडल्या. गप्प बसणार होतो. परंतु टिपणकर्त्यांनी कर्नाटक उच्च न्यायालयाच्या जानेवारी 2022 च्या निकालाचा आधार घेतला आहे आणि तो उलटा वाचला आहे, म्हणून हे लांबण लावतो.

कर्नाटक प्रीमियर लीगमधील 2019 च्या सामने विकल्याच्या त्या प्रकरणात पोलिसांनी कलम 420 लावले होते. न्यायालयाचे म्हणणे असे की, फसवणुकीच्या गुन्ह्यात कोणाला तरी भुलवून त्याच्याकडून पैसा किंवा वस्तू काढून घ्यावी लागते. प्रेक्षकाने तिकीट स्वतःच्या इच्छेने घेतलेले असते. तेव्हा खेळाडूचे वर्तन कितीही अप्रामाणिक असले तरी ते या कलमात बसत नाही आणि कारवाईचा अधिकार मंडळाचा आहे. यात न्यायालयाने ‘कायदा नाही’ एवढेच सांगितले. त्याचे ‘कायदा नको’ असे भाषांतर टिपणकर्त्यांनी पदरचे केले आहे. शिवाय त्या निकालाविरुद्ध प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलेले आहे, हे सांगायचे त्यांनी सोयीस्करपणे टाळले.

आता मंडळाच्या बंदीविषयी. भारताचे माजी कर्णधार अझरुद्दीन यांच्यावर सामने विकल्याच्या आरोपावरून डिसेंबर 2000 मध्ये आजीवन बंदी आली, ती आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने 2012 मध्ये बेकायदा ठरवली, आणि त्याआधीच, 2009 मध्ये, ते मुरादाबादचे खासदार होऊन बसले होते. दोषी की निर्दोष, याचा निवाडा ना मैदानात झाला ना न्यायालयात. श्रीलंकेने 2019 मध्ये स्वतंत्र कायदा करून दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. दक्षिण आफ्रिकेने आपला कर्णधार क्रोनिए बुकींकडून पैसे घेताना सापडला, त्या प्रकरणातून धडा घेऊन 2004 च्या भ्रष्टाचारविरोधी कायद्यात खेळासाठी कलम घातले आणि त्यांचाच माजी खेळाडू गुलाम बोदी याला त्याखाली कैदेची शिक्षा झाली. ज्या देशाच्या पोलिसांनी क्रोनिएचे संभाषण पकडले, त्या देशात मात्र अजून कायदा नाही. याला उमाळा म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा.

फौजदारी वकील:
टिपण माझे नाही, पण त्यातील भीती मला मान्य आहे. कायदा नव्हता म्हणून आरोपी सुटले, हे अर्धसत्य आहे. 2013 च्या आयपीएल प्रकरणात दिल्ली पोलिसांनी 420 वर न थांबता चक्क मोक्का लावला, म्हणजे टोळीयुद्धासाठी महाराष्ट्राने केलेला कायदा, गोलंदाजाने बुकीला खूण म्हणून कमरेला खोचलेल्या टॉवेलवर चालवला. जुलै 2015 मध्ये पतियाळा हाउस न्यायालयाने 36 जणांना आरोपमुक्त केले. आपल्या मुंबईचा गोलंदाज अंकित चव्हाण त्यांत होता. त्याच्यावरची मंडळाची आजीवन बंदी मात्र 2021 मध्ये कुठे सात वर्षांवर आली. तोवर गोलंदाजाचे वय निघून जाते. अशा पोलिसांच्या हाती आणखी एक कलम दिल्यावर मोठा बुकी दुबईतच राहील आणि खेड्यातला टेनिस बॉलचा गोलंदाज कोठडीत जाईल, हे मी पंचवीस वर्षांच्या वकिलीवरून सांगतो.

तिसरा पंच:
वकीलसाहेब, मोक्का ओढूनताणून लावावा लागला तो नेमके कलम नव्हते म्हणूनच, हे आपल्याच युक्तिवादातून निघते. ब्रिटनमध्ये 2005 च्या जुगार कायद्यात सट्ट्यासाठी फसवणूक हा गुन्हा आधीपासून होता. त्यामुळे 2010 मध्ये लॉर्ड्सवर पैसे घेऊन मुद्दाम टाकलेल्या नो-बॉलसाठी पाकिस्तानच्या सलमान बट, आसिफ आणि आमिर यांना पुढच्याच वर्षी शिक्षा झाल्या, आणि मध्यस्थही आत गेला.

खासबागकर:
चर्चा क्रिकेटपुरतीच आहे की खेळाविषयी आहे, हे आधी ठरवावे. आमच्याकडे कुस्तीत या प्रकाराला ‘नूरा कुस्ती’ हा शब्द क्रिकेटमधले फिक्सिंग कानावर येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. जत्रेच्या मैदानात शेवटची मोठी जोड लागते, हलगी कडाडते, दोन नामांकित मल्ल वीस मिनिटे नुसती खडाखडी करतात, मग कमिटी कुस्ती बरोबरीत सोडवते आणि इनाम निम्मे निम्मे होते. माझ्या वडिलांनी गावच्या कमिटीत अनेक वर्षे वर्गणी गोळा केली. एका वर्षी दोघे पहिलवान आदल्या रात्री एकाच ताटात जेवल्याचे त्यांनी स्वतः पाहिले होते, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना त्याच दोघांना फेटे बांधावे लागले. तुमचा कायदा त्यांनाही लागू होणार आहे का?

तिसरा पंच:
खासबागकर, नूरा कुस्तीवर कोणी कोट्यवधींचा सट्टा लावत नाही. कृपया विषय भरकटवू नये.

खासबागकर:
विषय भरकटवण्याचा आरोप सहन करणार नाही. सट्टा नसेल तर लबाडी ही लबाडी नव्हे, असा आपला सिद्धान्त असेल तर तो स्पष्ट लिहा. गावातल्या माणसाने ऊस तोडणीच्या पैशातून शंभर रुपये वर्गणी दिलेली असते. वातानुकूलित कक्षात बसून सामना पाहणाऱ्याच्या फसवणुकीला कायदा हवा आणि त्या शंभर रुपयांची किंमत शून्य, असेच ना?

फौजदारी वकील:
गंमत अशी की, खासबागकरांच्या पहिलवानांवर फसवणुकीचे कलम क्रिकेटपटूंपेक्षा चांगले बसेल. कुस्ती खरी होणार असा विश्वास निर्माण करून कमिटीच्या हातून इनाम घेतले, म्हणजे भुलवणे झाले आणि पैसा हस्तांतरितही झाला. भारतीय न्याय संहितेत तेच आता कलम 318 आहे. अर्थात दोघे एका ताटात जेवले, हा पुरावा नव्हे.

तिसरा पंच:
मग तोच तर्क खेळाडूच्या मानधनाला का लागू करू नये? संघमालकाने प्रामाणिक खेळासाठी पैसे मोजले, गोलंदाजाने आधी ठरवून धावा दिल्या. प्रेक्षकाचे तिकीट बाजूला ठेवा. मानधन तर भुलवूनच घेतले ना?

फौजदारी वकील:
मानधन हंगामाच्या करारावर मिळते; करार करताना लबाडीचा हेतू होता, हे दाखवावे लागेल. नंतर मती फिरली असेल तर तो करारभंग ठरतो. तरीही मुद्दा अगदीच टाकाऊ नाही, असे नाइलाजाने म्हणतो.

घोड्यांचा शौकीन:
महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर घोड्यांवर पैसे लावले तर तो कौशल्याचा खेळ, कारण 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसे म्हटले. आणि क्रिकेटवर लावले तर 1887 चा मुंबई जुगार कायदा आडवा येतो. सट्टा चोरून चालतो म्हणून सेशनवर, म्हणजे ठरावीक षटकांतल्या धावांवर, कुठे अचानक पैसा ओतला गेला, हे कोणालाच कळत नाही. परवाना दिला तर प्रत्येक व्यवहाराची नोंद राहील. क्रिकेट मंडळाच्या सुधारणेसाठी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या लोढा समितीने 2016 मध्ये आणि विधी आयोगाने 2018 च्या 276 व्या अहवालात सट्ट्याचे नियमन आणि निकालनिश्चिती हा गुन्हा, या दोन्ही गोष्टी एकत्र सुचवल्या होत्या. आपण सगळे त्यातला आपल्याला आवडणारा अर्धा भाग उचलतो.

खासबागकर:
आणि आपण रेसकोर्सचा अर्धा भाग उचललात. ज्या ब्रिटनमध्ये कोपऱ्याकोपऱ्यावर परवानाधारक सट्टेवाले बसतात, तिथेच लॉर्ड्स घडले.

माजी गुणलेखिका:
मी दहा वर्षे जिल्हा पातळीवर गुणलेखन केले आहे, म्हणून लिहिते. माझा धाकटा भाऊ एकोणीस वर्षांखालील संघात असताना एका ‘हितचिंतकां’नी त्याला बूट दिले, नंतर बॅट दिली. तिसऱ्या महिन्यात त्यांनी एवढेच विचारले, की उद्या नव्या चेंडूने कोण टाकणार आणि खेळपट्टीवर ओल आहे का. भावाने प्रशिक्षकांना सांगितले. प्रशिक्षक म्हणाले, ‘बूट परत कर आणि तोंड बंद ठेव.’ पुढच्या मोसमात त्याचे नाव संघात नव्हते. कारण कोणी सांगितले नाही आणि आम्ही विचारलेही नाही.

बांगलादेशच्या शाकिब अल हसनवर 2019 मध्ये बंदी आली ती सामना विकल्याबद्दल नव्हती. बुकीने केलेला संपर्क त्याने कळवला नाही, यासाठी होती. नियम कडक आहे आणि तो मला मान्य आहे. परंतु माझ्या भावाने कळवले, त्याचे काय झाले? आपले फौजदारी कलम येईल तेव्हा येवो. कळवणाऱ्या मुलाचे संघातले स्थान राखणारे एखादे कलम त्यात असेल का, एवढेच मला तिसऱ्या पंचांकडून ऐकायचे आहे.

तिसरा पंच:
ताई, याचा विचार माझ्या पहिल्या लेखनात नव्हता, हे मान्य करतो. मी शिक्षेच्या वर्षांचा हिशेब मांडत बसलो. 2025 मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा आला, त्याच वर्षी पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. पण सामना विकणे हा स्वतंत्र गुन्हा दोन्हींत नाही. तसा कायदा करताना शिक्षा पैसे घेऊन खेळ बिघडवणाऱ्याला आणि पैसे देणाऱ्याला असावी, आणि कळवणाऱ्याला संरक्षण असावे. नुसती माहिती पुरवल्याचे प्रकरण मंडळाकडे राहू द्यावे, इथपर्यंत मी मागे येतो. वकीलसाहेबांच्या टेनिस बॉलवाल्या मुलासाठी याहून मागे येणार नाही.

फौजदारी वकील:
एवढे मागे आलात, हेच अशिलाचे नशीब. मसुदा करायला घ्या, मी फुकट तपासून देईन. पोलीस तो कोणावर चालवतील, याची हमी मात्र देणार नाही.

खासबागकर:
मसुद्यात ‘खेळ’ या शब्दाची व्याख्या करताना कुस्ती घालायला विसरू नका. वडील आता ब्याऐंशीचे आहेत आणि ते दोन फेटे अजून विसरलेले नाहीत.