ऊसतोड टोळीतल्या लहान पोरांचं खाणं: हंगामभर काय, किती आणि कधी द्यावं?

कृष्णाकाठ (वाळवा तालुका, सांगली)
गावाबाहेर ओढ्यालगत टोळी उतरली आहे. वीस-बावीस खोप्या, सहा वर्षांखालची साधारण पंचवीस पोरं. आम्ही चार घरं मिळून कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत (गाळप हंगाम संपेपर्यंत) त्यांच्या खाण्याचं काहीतरी नियमित करायचं म्हणतोय. आत्ता कुणी बिस्किटचे पुडे देतं, कुणी सणाला पुरणपोळी. महिन्याला सगळ्यांचे मिळून सहा हजार निघतील. नेमकं काय द्यावं? सरकारी काय मिळवून देता येईल?

सुगरण_तासगाव
आधी भूक कुठे पडते ते बघा. बाया पहाटे तीन-चारला भाकरी थापून फडात जातात. भाकरी खोपीत असते, पण दिवसभर भरवायला मोठं माणूस नसतं. दोन वर्षांच्या पोराचं पोट वाटीएवढं, एका वेळी कोरडी भाकरी कितीशी जाणार? म्हणून धान्याचं पोतं देऊन ही भूक भागत नाही. थोडक्यात जास्त ताकद देणारं, न शिजवता खाता येणारं, अकरा आणि चारच्या सुमाराला हातात पडेल असं काहीतरी हवं.

बिस्किटं बंद करा. मैदा आणि साखर, भूक मरते आणि पोर भाकरीही सोडतं.

लाडवाचा एक घाणा असा: शेंगदाणे १ किलो, फुटाण्याचं डाळं अर्धा किलो, नाचणीचं पीठ अर्धा किलो, किसलेला गूळ पाऊण किलो, शेंगतेल किंवा तूप १५० ग्रॅम. ४० ग्रॅमचा एक, असे सत्तरेक लाडू होतात. एका लाडवात अंदाजे १८० कॅलरी आणि ५ ग्रॅम प्रथिनं.

दाणे भाजण्याआधी वेचा. काळा, सुरकुतलेला, बुरशीचा वास येणारा दाणा टाकूनच द्यायचा. त्या बुरशीचं विष भाजूनही जात नाही. भाजलेले दाणे पूर्ण गार झाल्यावर दळा, गरम दळले तर तेल सुटून गोळा होतो. नाचणीचं पीठ तेलावर मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत, साधारण पंधरा मिनिटं भाजा. कच्चं राहिलं की पोरं पहिल्या घासाला थुंकतात. गुळाचा पाक करू नका, लाडू दगड होतो. पीठ कोमट असताना किसलेला गूळ मिसळून वळा. पाण्याचा हात लावू नका, लावला तर चौथ्या दिवशी बुरशी. घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर ठेवा, त्यापुढे दाण्याचं तेल खवट होतं.

एक ते तीन वर्षांच्या पोराला रोज एक, दोन वेळांत अर्धा-अर्धा. तीन ते सहाच्यांना दोन. दोन वर्षांखालच्यांना लाडू कोमट दुधात कुस्करून चमच्याने. सबंध दाणा किंवा अख्खा बेदाणा लहानग्यांच्या हातात कधीच नाही, घशात अडकतो. वर्षाच्या आतल्यांना लाडू नको, मऊ मुगाची खिचडी आणि वरून चमचाभर तेल. सहा महिन्यांच्या आत फक्त आईचं दूध.

आठवड्यातून दोनदा प्रत्येकी एक उकडलेलं अंडं. टरफलासकट न्या, तिथे सोला. आठवड्याला तीन घाणे आणि अंडी धरून तुमच्या सहा हजारांत बसायला हरकत नाही.

आणि पिशवी वाटून परत येऊ नका. एकाने थांबून, साबणाने हात धुवून, समोर बसवून खायला घाला. भावंडं सांभाळणारी आठ-नऊ वर्षांची मुलगीही मोजा. तिला वगळलं तर ती धाकट्याचाच लाडू वाटून खाणार, आणि त्यात तिची चूक नाही.

पर्यवेक्षिका_कराड
लाडू सुरू करा, पण पहिल्याच आठवड्यात यादी करा: नाव, वय, मूळ गाव, आईचं आधार आहे का, गावाकडे कुठल्या अंगणवाडीत नाव होतं. ती घेऊन जवळच्या अंगणवाडी सेविकेकडे जा. पोर बाहेरगावचं असलं तरी आहाराचा हक्क तिथेच संपत नाही. पोषण ट्रॅकर म्हणजे अंगणवाडीच्या नोंदींचं सरकारी ॲप, त्यात स्थलांतरित लाभार्थ्याची नोंद करता येते. सहा महिने ते तीन वर्षांच्यांना घरी न्यायचा आहार, तीन ते सहाच्यांना अंगणवाडीत गरम ताजा. गरोदर आणि स्तनदा माताही यात येतात, त्यांची नावं हमखास राहतात.

अडतं कुठे? खोप्यांपासून अंगणवाडी लांब, मध्ये उसाच्या ट्रॅक्टरचा रस्ता, पोरं एकटी जात नाहीत. चार घरांतल्या एका माणसाने सकाळी नेऊन दुपारी आणून सोडलं तर हा प्रश्न सुटतो. माझ्या मते पैशापेक्षा हे जास्त मोलाचं आहे. तीन वर्षांवरचं भावंड अंगणवाडीत बसलं की मोठ्या मुलीवरचं ओझं कमी होतं आणि ती शाळेत जाऊ शकते. जिल्हा परिषदेच्या शाळेत दाखला नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही. तिथे पाचवीपर्यंत रोज १०० ग्रॅम धान्याचं जेवण मिळतं. वाढदिवसाचा खर्च करायचाच असेल तर मुख्याध्यापकांशी बोलून शाळेत स्नेहभोजन ठेवा. रोजच्या जेवणाऐवजी नको, त्याच्या जोडीला अंडं, केळं, मटकीची उसळ.

रेशन: कार्ड गावाकडचं असलं तरी इथल्या दुकानात धान्य उचलता येतं. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदयला कुटुंबामागे ३५. इथे थोडं घेतलं तर उरलेलं गावी राहिलेले आईवडील घेऊ शकतात, हे मजुरांना नीट समजावून सांगा. नाहीतर त्यांचं बंद होईल या भीतीने ते दुकानात जातच नाहीत. कोयत्याने बोटं घासलेली असतात, अंगठा उमटत नाही. दुसरी बोटं लावून बघा, नाहीतर आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी. दुकान दिवसा उघडं आणि माणसं दिवसा फडात, म्हणून कारखाना साफसफाईला बंद असेल तो दिवस मुकादमाकडून आधी विचारून ठेवा.

आरोग्यसेवक_खटाव
एक सावधगिरी. सगळ्या पोरांना लाडू चालत नाही. आशाताईंकडून सहा महिने ते पाच वर्षांच्या प्रत्येकाचा दंडघेर मोजून घ्या: डावा हात, खांदा आणि कोपराच्या बरोबर मध्ये, पट्टी त्वचेला टेकेल पण दाबणार नाही अशी. ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ मध्यम. दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबून खड्डा राहिला तर दंडघेर कितीही असो, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात. तीव्र कुपोषित किंवा पावलांवर सूज असलेल्या पोराला स्वतःच्या मनाने भरपूर खाऊ घालू नका. त्याचं शरीर एकदम आलेलं अन्न पेलत नाही, जुलाब होऊन ते आणखी खचतं.

जुलाब लागले तर १ लिटरचं ओआरएस पाकीट पूर्ण १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच. अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात घालतात, ते घातक आहे. सोबत झिंक १४ दिवस, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी. दूध पाजणं आणि खाणं चालूच.

कृष्णाकाठ
ताई, दादा, सगळ्यांचे आभार. यादी उद्याच करतो. एक राहिलं: गावात डेअरी आहे, दूध दिलं तर?

सुगरण_तासगाव
द्या, वर्षावरच्यांना १५० मिली. घरी उकळून, झाकणाच्या किटलीत, पाणी न घालता. दोन तासांत संपवायचं, उरलं तर खोपीत ठेवायचं नाही. स्टीलचे पेले तुमचेच न्या आणि घासून परत आणा. बाटली अजिबात नको. ओढ्याच्या पाण्याने बाटलीचं बूच कधीच स्वच्छ होत नाही.