एनॉक्सापॅरिनच्या सुईचा दर्जा आणि तिचे मूळ यांविषयी प्रश्न

कपाशीवाला (दारव्हा तालुका)

नमस्कार मंडळी. आमचे मोठेबाबा, वय ७४, मागील महिन्यात गोठ्यात पाय घसरून पडले, खुब्याचे हाड मोडले आणि नागपुरात शस्त्रक्रिया झाली. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होऊ नये म्हणून एनॉक्सापॅरिन ४० मिलिग्रॅमची सुई रोज एकदा, एकूण ३५ दिवस, पोटाच्या कातडीखाली द्यावयास सांगितली आहे. गावातल्या नर्सताई ती देतात.

परवा खोक्यातला घडीचा कागद सहज उलगडून वाचला, तर हे औषध डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून तयार होते असे बारीक अक्षरांत लिहिलेले आढळले. मोठेबाबा माळकरी आहेत; ४० वर्षांत त्यांची आषाढी चुकलेली नाही. दवाखान्यातून सुटी देताना याबद्दल कुणी एक शब्दही काढला नाही, आणि आता मला ठाऊक असून मी गप्प बसलो आहे, हे मला बोचते आहे.

दुसरी शंका दर्जाची. तालुक्याच्या मेडिकलमध्ये दुसऱ्या कंपनीची सुई जवळपास निम्म्या किमतीत मिळते आणि दुकानदार म्हणतो की आत एकच वस्तू आहे. सोयाबीनच्या बियाण्याची पाकिटेही वरून सारखीच दिसतात, उगवण पाहिल्यावर काय ते कळते. इथे तर उगवण पाहण्याची सोय नाही. जनावरापासून काढलेल्या औषधाची शुद्धता नेमके कोण आणि कशी तपासतो? शिवाय गेल्या आठवड्यात १० सुयांचे खोके मोटारसायकलच्या डिक्कीत भर दुपारी दीड तास राहिले. ते वापरावे की टाकावे?

उमरेडकर

भाऊ, पैसे जास्त गेले तरी चालतील, पण विदेशी कंपनीचाच माल घ्यावा. अशा औषधात देशी मालाचा भरवसा धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

निवृत्त विश्लेषक

उमरेडकरांच्या मताशी मी सहमत नाही, कारण या औषधाच्या इतिहासातील सर्वांत मोठी भेसळ अमेरिकेच्याच बाजारात उघडकीस आली होती. मी औषध कारखान्याच्या तपासणी प्रयोगशाळेत २८ वर्षे काढली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

एनॉक्सापॅरिन हे हेपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या जुन्या औषधाच्या लांब साखळ्या रासायनिक रीतीने तोडून केलेले औषध आहे. हेपॅरिन १९१६ मध्ये अमेरिकेत प्रथम कुत्र्याच्या यकृतातून हाती आले आणि यकृताच्या ग्रीक नावावरून त्याचे नाव पडले. आज मात्र ते मुख्यतः डुकराच्या आतड्याच्या आतील बुळबुळीत थरापासून काढतात. पूर्वी गाय-बैलांच्या फुप्फुसांपासूनही काढत, परंतु गुरांच्या मेंदूरोगाच्या भीतीमुळे १९९० च्या दशकात ते अमेरिकेच्या बाजारातून गेले. कत्तलखान्यातील आतडी, तेथून कच्चे हेपॅरिन करणारे छोटे कारखाने, मग शुद्धीकरण आणि शेवटी सुई भरणारी कंपनी अशी ही लांबलचक साखळी असून तिचा मोठा भाग चीनमध्ये आहे. सुईवर भारतीय, अमेरिकन किंवा युरोपीय कंपनीचे नाव असले, तरी कच्चा माल बहुधा त्याच वाटेने आलेला असतो.

२००७ च्या अखेरीस अमेरिकेतील मिसूरी राज्यातल्या एका बालरुग्णालयात डायलिसिसवरील मुलांना हेपॅरिन दिल्याबरोबर डोळ्यांभोवती सूज, रक्तदाब एकाएकी उतरणे असे त्रास होऊ लागले. २००८ मध्ये कारण सापडले: अतिसल्फेटयुक्त कॉन्ड्रॉइटिन सल्फेट. कॉन्ड्रॉइटिन हा प्राण्यांच्या कूर्चेत मिळणारा स्वस्त पदार्थ असून त्यावर मुद्दाम प्रक्रिया केल्यास तो रक्त गोठण्याच्या जुन्या चाचणीत हेपॅरिनसारखाच वागतो. त्या काळी औषधसंहितेतील, म्हणजे औषधांच्या दर्जाच्या अधिकृत ग्रंथातील, मुख्य कसोटी म्हणजे मेंढीच्या रक्तद्रवात नमुना घालून तो किती वेळ गोठत नाही हे पाहणे. भेसळीचा माल त्या कसोटीला उतरत असे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ८१ मृत्यूंचा या प्रकरणाशी संबंध असू शकतो असे नोंदवले, आणि असा माल ११ देशांत आढळला. त्याच्या आधी चीनमध्ये डुकरांवर रोगाची साथ येऊन आतड्यांचा तुटवडा पडला होता, हे ध्यानात घेतल्यास भेसळीची प्रेरणा कुठून आली ते उमगते.

आमच्या पिढीला त्यातून जो धडा मिळाला तो एवढाच की औषधाची ताकद बरोबर येणे आणि औषध तेच असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. त्यानंतर अमेरिकन औषधसंहितेने कसोट्याच बदलल्या. आता चुंबकीय अनुनादाच्या यंत्रावर नमुन्याचा आलेख काढतात: हेपॅरिनचे एक शिखर २.०४ या खुणेजवळ येते, तर त्या भेसळीचे २.१५ च्या आसपास. पहिल्यांदा तो आलेख प्रत्यक्ष पाहिला तेव्हा मुख्य शिखराच्या खांद्याला लागून एवढासा उंचवटा कसा दिसू शकतो, हे आमच्या वरिष्ठांनी पेन्सिलीच्या टोकाने दाखवले होते. गोठण्याच्या चाचणीच्या आकड्यात तो उंचवटा कधीच दिसला नसता. यासोबत रक्त गोठवणाऱ्या दोन घटकांविरुद्धची ताकद वेगवेगळी मोजून तिचे गुणोत्तर पाहतात. ते साध्या हेपॅरिनसाठी ०.९ ते १.१ मध्ये, तर एनॉक्सापॅरिनसाठी ३.३ ते ५.३ मध्ये असावे लागते. एनॉक्सापॅरिनच्या साखळ्यांचे सरासरी वजन साधारण ४,५०० डाल्टन (रेणूच्या वजनाचे एकक) असते, तेही तपासतात. शिवाय २०१३ मध्ये अमेरिकन प्रशासनाने कच्च्या हेपॅरिनच्या प्रत्येक लॉटमध्ये ही भेसळ आहे का आणि माल खरोखर कोणत्या प्राण्याचा आहे हे तपासण्याची सूचना उत्पादकांना दिली.

आपल्याकडे इंडियन फार्माकोपिया ही कायद्याने मान्य असलेली संहिता आहे आणि गाझियाबादचा आयोग ती प्रसिद्ध करतो. स्वस्त सुई परवानाधारक कंपनीची असेल, तर ती केवळ स्वस्त आहे म्हणून कमअस्सल ठरत नाही. मात्र एक अट मी घालीन: सुरू असलेल्या कोर्समध्ये दर आठवड्याला कंपनी बदलू नये, आणि बदललीच तर डॉक्टरांना सांगून, बॅच नंबर लिहून ठेवून बदलावी. काही बिनसले तर शोध तिथूनच सुरू होतो.

मेडिकलवाला (चंद्रपूर जिल्हा)

काकांनी प्रयोगशाळेचे लिहिले. मी काउंटरच्या अलीकडचे लिहितो. पक्के बिल घ्या आणि त्यावर बॅच नंबर व मुदत आहे याची खात्री करा. बिल द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडचा माल निम्म्या किमतीतही महागच पडतो.

साठवणीबाबत आपल्या भागात दोन्ही टोकांच्या चुका होतात. सुई २५ अंशांपर्यंत ठेवावी असे खोक्यावर लिहिलेले असते आणि मे महिन्यात आमच्या दुकानाच्या भिंतीदेखील त्याहून गरम असतात. म्हणून लोक ती थेट फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात कोंबतात, जे अगदी चुकीचे आहे. हे औषध गोठू देऊ नये. घरातल्या सर्वांत थंड खोलीत, माठाच्या बाजूला पण ओल लागणार नाही अशा बंद डब्यात ठेवावी. डिक्कीतल्या खोक्याबद्दल माझा सल्ला असा की ते बाजूला ठेवा आणि खोक्यावरच्या कंपनीच्या फोनवर किंवा डॉक्टरांना विचारा. सुई गढूळ दिसली किंवा आत कण दिसले तर विचारण्याचीही गरज नाही, ती टाकून द्या. पण स्वच्छ दिसली म्हणून चांगलीच आहे असे मात्र समजू नका.

नर्सताईंना आणखी एक सांगा: ४० मिलिग्रॅमच्या भरलेल्या सिरिंजमध्ये जो हवेचा छोटा बुडबुडा असतो तो बाहेर काढायचा नसतो, कारण त्यासोबत औषधही जाते.

ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टर

कपाशीवाला दादा, तुमच्या पहिल्या प्रश्नाला अजून कुणी हात घातलेला नाही. आम्ही डॉक्टर हे सांगत नाही ही आमची चूक आहे. वॉर्डात घाई असते हे कारण खरे असले तरी पुरेसे नाही. खाद्यपदार्थांच्या पाकिटावर असतो तसा हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण या खोक्यावर नसतो, त्यामुळे पेशंटला कळण्याचा मार्ग म्हणजे आम्हीच.

प्राण्यापासून न काढलेले पर्याय आहेत. फोंडापॅरिनक्स ही सुई पूर्णपणे रासायनिक पद्धतीने तयार होते आणि खुब्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियेनंतर ती वापरली जाते. मात्र मूत्रपिंड कमजोर असेल किंवा वजन ५० किलोपेक्षा कमी असेल तर ती अशा वेळी देत नाहीत. मोठेबाबांचे वजन आणि क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्तचाचणीचा, रिपोर्ट पाहिल्याशिवाय कुणीही हो म्हणू नये. काही गोळ्यांचाही विचार होऊ शकतो. या औषधांच्या मिलिग्रॅमची अदलाबदल एकास एक होत नाही, हे पक्के लक्षात ठेवा. आणि निर्णय होईपर्यंत आजची सुई चुकवू नका. शिरेतली गाठ फुप्फुसात गेली तर दुरुस्तीला वेळ मिळत नाही.

हिरड्यांतून रक्त, काळी शौच, सुईच्या जागेखेरीज इतरत्र निळे डाग दिसले तर त्याच दिवशी दाखवा. सुईनंतर अंगावर गांधी उठणे, धाप लागणे किंवा चक्कर येणे असे झाले तर लगेच दवाखाना गाठा, आणि नंतर १८००-१८०-३०२४ या देशाच्या औषध-दुष्परिणाम नोंदणीच्या मोफत क्रमांकावर बॅच नंबरसह कळवा. पेशंटच्या घरचे लोकही कळवू शकतात.

कपाशीवाला (दारव्हा तालुका)

सर्वांचे आभार. काल संध्याकाळी मोठेबाबांना सगळे वाचून दाखवले. ते बराच वेळ माळेचे मणी फिरवत बसले, मग एवढेच विचारले की ‘उरलेल्या दिवसांत दुसरे मिळते का?’ वजन ५८ किलो भरले आहे. क्रिएटिनिनसाठी आज सकाळी रक्त दिले, रिपोर्ट घेऊन सोमवारी नागपूरला शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांकडे जातो आहोत. तोपर्यंत पहिल्याच कंपनीची सुई सुरू ठेवण्यास मोठेबाबांनी होकार दिला. डिक्कीतले खोके मी कपाटावर वेगळे ठेवले असून त्यावर ‘वापरू नये’ असे लिहिले आहे, आणि चारही खोक्यांचे बॅच नंबर वहीत उतरवून घेतले आहेत.