अर्जंट!! मखराची गाडी न्यू जर्सी टर्नपाइक हायवेवर, लाल दिवा लागलाय

प्रेषक: सजावट
शनि. सकाळी ९:१४

मंडळी, जॉइस किल्मर सर्व्हिस एरियात उभा आहे. एक्झिट ८ए ला चढल्यापासून ब्रेक मारला की तो किटलीसारखा लाल दिवा लुकलुकत होता. आता विझेचना म्हणून आत घेतली. मागे अख्खं मखर, समया आणि ते थर्मोकोल (हो, तेच). हॉल ११ ला उघडतो. हॉलची एक्झिट १० (एडिसन) इथून जेमतेम दहा मैल. आणू का तशीच चालवत?

प्रेषक: खजिनदार
९:१९

जुलैत याच गाडीच्या ऑइल चेंजचे पैसे मंडळाने दिले होते. पावती अजून आलेली नाही. नोंद असावी.

प्रेषक: मावशी (प्लेन्सबरो)
९:२२

अरे काही होत नाही. आमच्या ह्यांच्या गाडीत चार महिने तसाच दिवा होता. बटण दाबून धरलं की जातो.

प्रेषक: टेल्को काका
९:२६

मावशी, तुमचा दिवा पिवळा. तो सर्व्हिसिंगची तारीख झाल्याची आठवण करतो, बाकी काही नाही. लाल किटली म्हणजे ऑइलचं प्रेशर गेलं. ब्रेक मारल्यावर लुकलुकतो म्हणजे तळाशी उरलेलं ऑइल पुढे पळतं आणि पंप हवा ओढतो. बेअरिंगं कोरडी फिरली तर दहा मैल लांबच, दोन मैलांत इंजिन आवळेल.

इंजिन बंद ठेव. दहा मिनिटं थांब, सपाट जागा बघ. ऑइल मोजायची काडी (डिपस्टिक) काढून पूस, परत घाल, मग बघ. पिंपरीत असताना आमच्या शॉपमध्ये न पुसता पहिल्याच झटक्यात काडी बघणाऱ्याला परत पाठवायचे.

प्रेषक: सजावट
९:४१

काडी कोरडी ठणठणीत. झाकणावर ऑइलचा ग्रेड ०डब्ल्यू-२० लिहिलाय, इथे पंपावर फक्त ५डब्ल्यू-३० मिळतंय. घालू?

प्रेषक: आयटीवाला
९:४३

अजिबात नको! दोन ग्रेड मिसळले की वॉरंटी जाते. सिंथेटिक आहे का ते पण बघ.

प्रेषक: टेल्को काका
९:४५

गाडी २०११ ची आहे, कसली वॉरंटी? अडीअडचणीला घाल. पुढच्या ऑइल चेंजला योग्य ते पडेल. एकच क्वार्ट (साधारण लिटरभर) आधी. काडीवरच्या दोन खुणांमधलं अंतर साधारण तेवढंच असतं. गळ्यापर्यंत भरू नकोस, फेस होतो.

प्रेषक: आयटीवाला
९:४६

काका, मी फक्त मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते सांगितलं.

प्रेषक: भोजन
९:५०

मखर ११ पर्यंत आलं नाही तर स्टेजजवळची दोन टेबलं आम्ही घेतोय. मागच्या वर्षीसारखं शेवटच्या क्षणी हलवणार नाही.

प्रेषक: सजावट
९:५८

दोन क्वार्ट घातल्यावर खालच्या खुणेच्या जरा वर आलं. चालू केली, दिवा दोन सेकंदांत गेला! पण खाली वाकून बघितलं तर फिल्टरपाशी बारीक धार लागलीये.

प्रेषक: टेल्को काका
१०:००

बंद कर. आत्ता. जुन्या फिल्टरचं रबर इंजिनाला चिकटून राहिलं आणि त्यावर नवा फिल्टर बसवला, असं मला दिसतंय. रबरावर रबर टिकत नाही. महामार्गावर प्रेशर वाढलं की सगळं ऑइल रस्त्यावर. टो कर. टर्नपाइकवर त्यांचाच ट्रक येतो, #९५ लाव, आपल्या ओळखीचा चालणार नाही.

प्रेषक: खजिनदार
१०:०३

म्हणून मी पावती मागतोय. कुठे केलं ते कळेल तरी.

प्रेषक: सजावट
१०:०४

ठीक. पण मखर? एडिसनहून कोणी निघालं तर उपयोग नाही, हा सर्व्हिस एरिया उत्तरेकडे जाणाऱ्यांनाच लागतो. खाली ८ए पर्यंत जाऊन परत चढावं लागेल.

प्रेषक: मावशी (प्लेन्सबरो)
१०:०६

आम्ही अजून घरीच आहोत, ८ए लाच चढणार. मोदकांचे ट्रे मागच्या सीटवर लावलेत, डिकी रिकामी आहे. मखराच्या पट्ट्या आडव्या मावतील. थर्मोकोल नाही घेणार.

प्रेषक: भोजन
१०:०७

मावशी, मोदक चेपले तर जबाबदारी सजावटीची. २०० आहेत, मोजून घेऊ.

प्रेषक: सजावट
१०:०८

या मावशी. थर्मोकोल टो ट्रकबरोबर जाईल.

प्रेषक: खजिनदार
१०:११

ऑइलचे दोन डबे आणि टो, दोन्हीच्या मूळ पावत्या. फोटो चालणार नाही.