मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आजीला वाचून दाखवता येतील असे कथासंग्रह सुचवावेत

खानापूरकर :
नमस्कार. माझ्या आईच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन मागील आठवड्यात झाले असून काही दिवस वाचन बंद ठेवावे, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. दुपारच्या जेवणानंतर पडवीत पुस्तक घेऊन बसण्याची तिची जुनी सवय असल्यामुळे ती फार चिडचिडी झाली आहे. माझी मुलगी कन्नड माध्यमातून आठवी उत्तीर्ण झाली असून तिला सुटी आहे, म्हणून रोज दुपारी तिने आजीला एक कथा वाचून दाखवायची, असे दोघींनी आपसांत ठरवले. मात्र मुलगी मराठी सफाईने बोलत असली तरी वाचताना अडखळते. ‘चूल’ आणि ‘जुना’ या शब्दांतले च आणि ज ती कन्नडच्या वळणाने उच्चारते, आणि मग आजी पडल्या पडल्या म्हणते, “चहातला च नव्हे गं, चुलीतला च म्हण की!”

पहिल्या दिवशी मी कपाटातून जी. ए. कुलकर्णींची ‘काजळमाया’ काढून दिली, ती माझीच चूक झाली. चौथ्या पानापर्यंत एक झोपली होती आणि दुसरी वाचायची म्हणून वाचत होती. अर्ध्या तासात संपतील, कानाला गोड लागतील आणि शक्य तर आपल्या बेळगाव भागातील बोलीच्या जवळ असतील, अशा कथांचे संग्रह कृपया सुचवावेत.

टिळकवाडीचा वाचक :
दादा, आपली गरज ऐकण्याची आहे, म्हणून निवडही कानानेच करावी. शंकर पाटलांपासून सुरुवात करावी असे मी सुचवेन. ते हातकणंगले तालुक्यातील पट्टणकोडोलीचे. त्यामुळे त्यांच्या पात्रांची भाषा आईंना परकी वाटणार नाही. ‘वळीव’ हा त्यांचा 1958 सालचा संग्रह आजही कोरा वाटतो, आणि ‘धिंड’ घरात मोठ्याने वाचली तर शेजारचेही येऊन बसतील. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार या तिघांनी गावोगाव कथाकथन केले होते, हे आईंना आठवत असेल. समोर श्रोते बसवून सांगितलेल्या या कथा असल्याने त्यांत श्वास घ्यायची जागा आपोआप सापडते, आणि नवख्या वाचणाऱ्याला तीच हवी असते.

माडगूळकरांचे ‘माणदेशी माणसं’ (1949) हे पुस्तक काटेकोरपणे पाहिले तर व्यक्तिचित्रांचे आहे. तरीही त्यातील ‘झेल्या’ मुलीकडून अवश्य वाचून घ्यावे. शाळेतल्या एका पोराची ही गोष्ट मास्तरांच्या तोंडून येते, त्यामुळे तिलाही ती आपली वाटेल. मिरासदार सगळ्यांना आवडतातच, त्यांच्याविषयी वेगळे सांगत नाही.

निपाणीची लेक :
महादेव मोरे यांचे नाव अजून कोणी घेतले नाही, याचे मला वाईट वाटले. निपाणीत पिठाची गिरणी चालवत ते आयुष्यभर लिहीत राहिले आणि 2024 मध्ये गेले. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायका, टॅक्सीचालक, गॅरेजमधील पोरे ही त्यांच्या कथांतील माणसे आम्ही रोज रस्त्यावर पाहिलेली आहेत. माझी आजी वखारीतून आली की तिच्या लुगड्याच्या वासाने आम्हा पोरांना शिंका यायच्या. तो वास मला पुस्तकात प्रथम त्यांच्याकडेच सापडला. मात्र एक सूचना करते, ताई असाल तर ताई, दादा असाल तर दादा : आठवीतल्या मुलीच्या हाती देण्यापूर्वी प्रत्येक कथा आपण स्वतः वाचून पाहावी, कारण काही कथांतील दुःख आणि शिव्या दोन्ही अस्सल आहेत.

शहापूरचा जुना विद्यार्थी :
‘काजळमाया’ने झोप लागली म्हणून जी. ए. कुलकर्णींना कपाटात परत ठेवू नये, एवढी विनंती करतो. ते आपल्याच जिल्ह्यातील एकसंब्याचे, त्यांचे शिक्षण बेळगावात झाले आणि पुढे धारवाडला त्यांनी इंग्रजी शिकवले. ‘काजळमाया’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि त्यांनी तो परत केला, या हकिकतीमुळे जो तो त्याच पुस्तकापासून सुरुवात करतो आणि धापा टाकतो. खरे तर ‘निळासावळा’ (1959), ‘पारवा’ आणि ‘हिरवे रावे’ (1962) या आरंभीच्या संग्रहांतील घरे, सोपे, परसातील झाडे आणि मनात कुढणाऱ्या बायका ओळखीच्या असतात, त्यामुळे ऐकणाऱ्याचा हात सुटत नाही.

नंतरच्या कथांपैकी फक्त ‘कैरी’ निवडावी. पोरके झालेले मूल आणि त्याला सांभाळणारी तानीमावशी यांची ही कथा लांब आहे, म्हणून ती दोन दुपारींत विभागावी. टिळकवाडीच्या सरांशी मी एवढ्यापुरता असहमत आहे, की श्वास घ्यायची जागा केवळ कथाकथनातील कथांतच मिळते असे नाही, जी.एं.चे लांब वाक्य स्वल्पविरामांवर थांबत वाचले तर कीर्तनासारखे चढत जाते. ‘कैरी’ मात्र टाके बरे झाल्यावरच वाचावी. डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका असे डॉक्टरांनी सांगितले असेल. आतून येणाऱ्या पाण्याचे काय करायचे, ते त्यांनी सांगितलेले नसते.

आपल्यासाठी म्हणून यमकनमर्डीला जन्मलेल्या कमल देसाई यांचा ‘रंग’ हा संग्रह सुचवतो. तो मोठ्याने वाचण्याचा नव्हे, एकट्याने वाचण्याचा आहे.

खानापूरकर :
सर्वांचे आभार. निपाणीच्या ताई, मी दादाच आहे. वाचनालयात ‘वळीव’ मिळाले, ‘हिरवे रावे’ कोणीतरी नेलेले असल्याने नाव नोंदवून आलो. काल पहिली कथा झाली. अर्ध्यावर वीज गेली, तेव्हा पंख्याचा आवाज थांबल्यामुळे स्वयंपाकघरातूनही सगळे ऐकू येत होते. कथा संपल्यावर आईने मुलीला एकच प्रश्न विचारला, की उद्याची कथा किती पानांची आहे. मुलीने मोजून सांगितले, तर म्हणाली, “मग जेवण लवकर आटपा.”